२४ काड्या आणि एक डावखुरी कात्री

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार. पितृपक्ष चालू होता आणि मी लेकीला घेऊन इंदूरच्या राजवाड्याकडे गेले होते. एका हातगाडीवर कागदाच्या संजा लटकत होत्या. माळव्यात श्राद्धपक्षाच्या दिवसांत मुली संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा मांडतात, वर गुलबासाच्या, तेरड्याच्या पाकळ्या लावतात, आरती करतात आणि गाणी म्हणतात. रोज आकृती वेगळी, चंद्र-सूर्य, पंखा, सोंगट्यांचा चौपट, आणि शेवटी मोठा, किल्ल्यासारखा किलाकोट. आता फ्लॅटच्या भिंतीवर शेण कोण लावू देणार, म्हणून कागदाची तयार संजा मिळते. आम्ही २० रुपयांची एक घेतली. घरी येईपर्यंत लेक ती उलटसुलट करून बघत होती. दारात चप्पल काढताना म्हणाली, "आई, हे तर कापूनच केलंय. मग आपण का नाही केलं?"

लेक नऊ वर्षांची आहे, धाकटा सहाचा. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, सासूबाईंकडे होतं. त्यांचं लहानपण रामबागेतल्या वाड्यात गेलं आणि वडील गिरणीत होते. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. त्या झाक्यांचं कागदकाम करायला त्यांचे वडील जायचे आणि उरलेल्या कामट्या-कागद घरी आणून दिवाळीचा कंदील करायचे. सासूबाई म्हणाल्या, "सहा चौकोन बांधायचे, टोकाला टोक जोडायचं, की झाला कंदील." इतकं सोपं सांगितल्यावर मुलं कुठली गप्प बसतात! त्या रात्री मी हो म्हणाले, आणि १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, कंदील लागला. मधले पाच आठवडे कसे गेले ते लिहून ठेवते आहे. मी सुरुवात केली तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं, आणि कागदाचे गठ्ठे घेऊन बसल्यावर काय काय अडतं हे आधी सांगणारं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

खरेदी दसऱ्यानंतर केली, ४ ऑक्टोबरला. खजुरी बाजारात कागदाच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी घोटीव कागद दाखवला. तो जाड असतो, आठ थर झाले की मुलांच्या कात्रीला दाद देत नाही. मी पतंगी कागद मागितला तर म्हणाला, "दीदी, वो तो संक्रांत पर आएगा, अभी पुराना माल देखना पड़ेगा." अर्धा तास थांबायला लागलं. माळ्यावरून जुना गठ्ठा आला, त्यातले २४ ताव घेतले, चार रुपयांना एक. घेताना प्रत्येक ताव उलगडून उजेडासमोर धरा. जुन्या गठ्ठ्यात घडीवर कागद विरलेला असतो आणि ते घरी आल्यावरच कळतं. कामट्या मात्र दुकानात मिळाल्या नाहीत. टोपल्या-सुपं विणणाऱ्या एका मावशींना विचारलं, त्यांनी समोर बसून सोलून दिल्या, ९ इंचांच्या ३०, साठ रुपयांना. हिशोबाने २४ लागतात, पण वाकवताना मोडतात, म्हणून सहा जास्त. कामट्यांना कूस असते, ती बारीक असल्यामुळे मुलांच्या बोटात चटकन शिरते. घरी आणल्या की आधी सॅंडपेपरने घासून घ्या, मग मुलांच्या हातात द्या. आम्ही हे दुसऱ्या दिवशी, एक कूस काढून झाल्यावर केलं.

५ तारखेला, रविवारी, जेवणं झाल्यावर कंदिलावर लावायच्या जाळ्या कापायला चादर अंथरून बसलो. कागदाचा चौकोन आडवा दुमडायचा, मग उभा, मग तिरपा. आठ थर होतात आणि वाटीएवढा त्रिकोण हातात येतो. त्याच्या दोन बाजू घडीच्या, एक सुटी. लेकीने पहिल्याच कापात घडीची बाजू पूर्ण उतरवली आणि उलगडल्यावर हातात जाळी आली नाही, सुटे तुकडे आले. सासूबाईंनी तिला शिकवलं ते मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "घडीच्या बाजूला दोन कापांच्या मध्ये पूल राहू दे. पूल गेला की गाव गेलं." लेक अजूनही कापताना पुटपुटते, पूल, पूल. कडेची एक इंच जागाही कोरी ठेवायची, ती सांगाड्याला चिकटवायला लागते. मी प्रत्येक घडीवर लाल पेन्सिलने तेवढी रेघ मारून दिली.

पतंगी कागद नुसता कापला तर कात्रीच्या पात्यात ओढला जातो, चुरगळतो, फाटतो. त्यावर उपाय असा की घडी वर्तमानपत्राच्या दोन तुकड्यांत धरायची, कोपऱ्यात एक स्टेपल मारायची आणि वर्तमानपत्रासकट कापायची. चित्रही वर्तमानपत्रावरच काढता येतं. हे सापडेपर्यंत आमचे दहा चौकोन वाया गेले. आणि एक. कापताना कात्री फिरवायची नाही, कात्री जागेवर ठेवून कागद फिरवायचा. गोल कापणं मुलांना त्यानेच जमतं.

धाकट्याला मात्र काहीच जमेना. तो डावखुरा आहे. कात्री डाव्या हातात धरायचा, कागद पात्यांमध्ये दुमडून जायचा, कापायचाच नाही. सासूबाईंनी दोन-तीनदा हळूच कात्री त्याच्या उजव्या हातात दिली. तिथे बोटं वळेनात. तिसऱ्या वेळी त्याने कात्री खाली ठेवली आणि "मला नाही येत, ताईलाच करू दे" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसला. मी आधी म्हटलं, लहान आहे, पुढच्या वर्षी जमेल. मग भांडी आवरताना मनात आलं, बघावं तरी. त्याचीच कात्री माझ्या डाव्या हातात घेतली आणि कागदावर रेघ मारून कापायला गेले. मला रेघच दिसेना. वरचं पातं रेघेवर येत होतं. आणि मूठ आवळली की पाती एकमेकांना चिकटण्याऐवजी फाकत होती, कागद मध्ये अडकत होता. चाळीस वर्षं मी कात्री वापरते आहे, आणि ती फक्त उजव्या हातासाठी घडवलेली असते हे मला त्या रात्री कळलं. त्याला येत नव्हतं असं नव्हतंच. त्याच्या हातात चुकीचं हत्यार होतं, आणि ते मीच ४५ रुपयांना आणलं होतं. मला खूप वाईट वाटलं.

बाजारात दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे "दोनों हाथ वाली" कात्री दाखवली. ती घेऊ नका. तिची फक्त मूठ दोन्हीकडून सारखी असते, पाती उजव्या हाताचीच. खरी डावखुरी कात्री ओळखायची खूण अशी की ती डाव्या हातात धरल्यावर वर येणारं पातं डावीकडे असतं. शेवटी ऑनलाइन मागवली, १८५ रुपये, बोथट टोकाची. यायला सहा दिवस लागले.

त्या सहा दिवसांत कोजागिरी आली, ६ तारखेला. गच्चीवर दूध आटवत बसलो होतो. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. सासूबाई त्याच्या डाव्या हाताची बोटं आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "माझा भाऊ असाच होता ग. शाळेत त्याचा हा हात बांकाला बांधायचे." एवढंच. त्यानंतर त्यांनी कात्री कधी त्याच्या उजव्या हातात दिली नाही.

दरम्यान परवानगीचं काम सुरू झालं. आमची गॅलरी आतल्या चौकाकडे आहे. कंदील रस्त्याकडून दिसायचा तर जिन्यासमोरच्या सामाईक सज्ज्यात लावायला हवा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत तिथे वायर जळाली होती, तेव्हापासून सोसायटीने लेखी अर्ज सक्तीचा केला आहे, आणि ते योग्यच आहे. अर्ज हिंदीत. त्यात फ्लॅट क्रमांक, कंदील कुठे लावणार, दिवा किती वॉटचा, वायर किती मीटर आणि तिच्यावर आयएसआय खूण आहे का, वीज कोणाच्या मीटरवरून, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, असं सगळं लिहायचं. सोबत दोन शेजाऱ्यांची संमती आणि ५०० रुपये अनामत. कार्यालय संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. मी ८ तारखेला अर्ज दिला. १० ला परत आला. दोन्ही सह्या माझ्याच मजल्यावरच्या होत्या आणि एक सही सज्ज्याच्या थेट खालच्या फ्लॅटची हवी होती. खालच्या काकांनी लगेच सही दिली, पण तोवर सचिव बाहेरगावी गेले होते. ते १३ ला आले, अर्ज १५ ला मंजूर होऊन हातात पडला. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर दोन गोष्टी करा. अर्जाच्या झेरॉक्सवर "मिळाला" अशी सही आणि तारीख घ्या, आणि अनामतीची पावती मागून घ्या. मला पावती मागावी लागली, आपणहून मिळाली नाही.

११ ऑक्टोबरला कात्री आली. धाकट्याने पाकीट उघडलं, कात्री घेतली, आणि पाकीटच कापलं. सरळ. मग वर्तमानपत्र कापलं. मग माझी वाणसामानाची यादी. त्याला अडवायचा मला धीर झाला नाही. सासूबाईंनी वर्तमानपत्राचा एक कोपरा धरला, त्याने दुसऱ्या टोकाकडून त्यांच्या बोटांपर्यंत सरळ कापत आणलं, आणि बोटांपाशी येऊन थांबला. दोघंही हसली. झिरमिळ्यांचं सगळं काम त्याच्याकडे गेलं. ताव चार पदरी दुमडायचा, वरची एक इंच पट्टी सोडायची आणि खाली पाव-पाव इंचावर सरळ चिरा द्यायच्या. नव्या हाताला हेच काम चांगलं, कारण त्यात वळण नाही आणि एखादी चीर वाकडी गेली तरी वाऱ्यावर दिसत नाही.

त्याच शनिवार-रविवारी सांगाडा बांधला. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा. कोपऱ्यांना दोऱ्याचे फुलीसारखे वेढे आणि वर फेविकॉलचा थेंब. मग सासूबाई म्हणाल्या तसं टोकाला टोक. एक चौकोन खाली ठेवला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे केले, शेजारच्यांची टोकं एकमेकांना बांधली आणि वर सहावा ठेवला. मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार झाले. हे होताना बघणं हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता क्षण. लेकीने मोजलं, १२ कोपरे, २४ काड्या, ६ चौकोन, ८ त्रिकोण, आणि परत परत मोजलं, कारण त्रिकोणासाठी आपण एकही जास्तीची काडी वापरली नाही हे तिला पटत नव्हतं. ९ इंचांच्या काडीचा कंदील साधारण पावणेतेरा इंच उंच होतो. बांधताना चार हात लागतात, एकट्याने करायला जाऊ नका. पहिले दोन तास तो सगळीकडे झुकतो आणि आपलं चुकलं असं वाटतं. शेवटचा कोपरा बांधला गेला की एकदम ताठ उभा राहतो.

इथे माझी एक मोठी चूक झाली. वरचा आणि खालचा चौकोन उघडे ठेवायचे, म्हणजे कागद लावायचा तो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना. मी सगळ्यासाठी १० इंचांचे चौकोनी तुकडे काढून ठेवले होते. २० बाय ३० इंचांच्या तावातून ते बरोबर सहा निघतात, म्हणून मला ते सोयीचं वाटलं. पण त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी अर्धा इंच चिकटपट्टी धरली की त्याची बाजू पावणेअकरा इंच भरते. तो १० इंचांच्या चौकोनात बसत नाही. लेकीने रात्री जागून कापलेले पाच त्रिकोण अपुरे पडले. तिने काही म्हटलं नाही, फक्त ते गोळा करून वहीत ठेवले. मी तिची माफी मागितली. तुम्ही करणार असाल तर ताव लांबीच्या बाजूने साडेनऊ इंचांच्या दोन पट्ट्यांत कापा आणि प्रत्येक पट्टीत एक सुलटा, एक उलटा असे चार त्रिकोण आखा. एका तावातून आठच्या आठ निघतात.

खळ घरीच केली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. जुनी माणसं किडी लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर मुळीच घालू नका. साधी खळ फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते आणि आम्हाला तेवढी पुरली. पण पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो. लाल जाळी मागच्या साध्या पिवळ्या कागदावर खळीने लावली आणि पिवळ्याचा नारिंगी डाग झाला. नंतर जाळी आणि खालचा कागद एकमेकांना ग्लूस्टिकने, टेबलावर सपाट ठेवून चिकटवले, आणि खळ फक्त कामट्यांवर दुमडायच्या कडांना वापरली. हा क्रम ठेवा. सांगाड्यावर आधी कागद ताणून मग वर जाळी लावायला गेलात तर कागदाला भोक पडतं.

धाकट्यालाही एक त्रिकोण कापायचा होता. मी त्याला मधोमध एकदाच दुमडून दिला. त्याने दुमडीवर एक मोठा अर्धगोल कापला, शेजारी एक बारीक चीर दिली, आणि सांगितलं की हा चंद्र आहे आणि ही त्याची शेपटी. एका बाजूची कड थोडी फाटली होती. माझा हात ती नीट करायला गेला. त्याने बघितलं. मी हात मागे घेतला आणि आहे तसाच त्रिकोण समोरच्या बाजूला, वरच्या ओळीत लावला.

१६ तारखेला दिव्याचं काम केलं. कागदी कंदिलात जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब अजिबात नको. त्याची बरीचशी वीज उष्णतेत जाते आणि कागद करपतो, पेटूही शकतो. आम्ही ५ वॉटचा पिवळसर एलईडी लावला. होल्डर वरच्या चौकोनाला आडव्या बांधलेल्या दोन कामट्यांना टांगला, म्हणजे बल्ब बरोबर मध्ये, कुठल्याच कागदापासून पाच इंचांच्या आत येत नाही. कंदिलाचं वजन वायरवर घ्यायचं नाही, वेगळ्या सुतळीवर घ्यायचं. सुतळीची गाठ मी मारली आणि यांनी स्टुलावर चढून तीनदा ओढून बघितली.

एकूण खर्च ७५२ रुपये आला. कागद ९६, कामट्या ६०, दोन कात्र्या मिळून २३०, दोरा २०, ग्लूस्टिक ४०, होल्डर-वायर-पिन २१०, बल्ब ९०, झेरॉक्स ६. मैदा आणि फेविकॉल घरातले. अनामत वेगळी.

वसुबारसेला दिवे लागणीच्या वेळी बटण दाबलं. खालून बघायला आम्ही सगळे रस्त्यावर गेलो होतो, सासूबाईसुद्धा, तीन मजले उतरून. लेकीच्या जाळ्या वरच्या सज्ज्याच्या छतावर पसरल्या, मोठ्या होऊन, हलत्या. हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि त्यात एक चंद्र होता, शेपटीचा. धाकटा रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "वो वाला मेरा है." खालच्या काकांनी, ज्यांची सही आणायला मी धावत गेले होते, त्याला विचारलं, कुठला? त्याने डावा हात वर करून दाखवला.

पुढे तीन-चार दिवसांत दवाने खालचे दोन त्रिकोण सैल पडले. इंदुरात ऑक्टोबरच्या रात्री दव बऱ्यापैकी पडतं. पहाटे कागद लोंबतो, ऊन लागलं की परत ताणला जातो. घाबरून लगेच उचकटू नका. जिथे कड सुटली तिथे मी दुपारी, कागद कोरडा असताना, परत खळ लावली. उरलेल्या कागदाच्या पताका शेजारची चार मुलं येऊन कापून गेली. त्यांच्यात एक मुलगी डावखुरी निघाली, आणि धाकट्याने आपली कात्री तिला दिली. अर्ध्या तासासाठीच, घड्याळ लावून.

अनामत २९ ऑक्टोबरला परत मिळाली, पावती दाखवल्यावर. मुदत वाढवून घेण्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागला, कारण आम्हाला कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवायचा होता. सुरुवातीलाच पूर्ण कार्तिक महिन्याची तारीख टाका, म्हणजे हा फेरा वाचेल. ५ नोव्हेंबरच्या रात्री शेवटचा लावला, दुसऱ्या दिवशी उतरवला. कागद सोलून सुक्या कचऱ्याच्या गाडीत दिला. चमकी किंवा टिकल्या लावल्या असत्या तर वेगळं करत बसावं लागलं असतं, आम्ही लावल्या नव्हत्या. चार जाळ्या लेकीने वहीत घातल्या, त्या अपुऱ्या पडलेल्या पाच त्रिकोणांशेजारी.

सांगाडा एकही काडी न मोडता निघाला. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. चादरीवर धाकट्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे. मराठी लिहायला तो अजून शिकतो आहे, म्हणून शाळेतल्या हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "फेंकना मत."